दंतक्षयाचे मोजमाप : हॅगर्सटाउन ते टेमघर – एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : दंतक्षय, निर्देशांक, परिणाममापन, फ्लोराइड, सार्वजनिक आरोग्य, टेमघर, भिवंडी

प्रस्तावना

भिवंडी-कल्याण रस्त्यावरील टेमघर हे नाव ठाणे जिल्ह्यात पाण्याच्या संदर्भात सर्वपरिचित आहे. (मुळशी तालुक्यातील टेमघर धरणाशी त्याचा संबंध नाही.) शहाड येथे उल्हास नदीतून उचललेले पाणी टेमघरच्या केंद्रात शुद्ध केले जाते आणि तेथून ते ठाणे, भिवंडी-निजामपूर व मीरा-भाईंदर या महानगरपालिकांना तसेच भिवंडी तालुक्यातील गावांना पुरविले जाते. अशा केंद्रात पाण्याचा गढूळपणा, तुरटीची मात्रा आणि उर्वरित क्लोरीन यांची नियमित मोजदाद होत असते. पाणी शुद्ध झाले किंवा नाही, याचे उत्तर तेथे आकड्यांत मिळते व त्या आकड्यांच्या अर्थाविषयी सहसा वाद होत नाही.

दातांच्या बाबतीत परिस्थिती निराळी आहे. विसाव्या शतकात दंतक्षयाच्या प्रतिबंधाविषयीचे जे संशोधन झाले, त्यातील मोठा भाग पाण्याशीच निगडित होता. परंतु एखाद्या उपायाचा गुण आला, हे कोणत्या मापाने ठरवावे, याविषयीचा प्रश्न ऐंशी वर्षांहून अधिक काळ चर्चेत राहिला आहे. दंतक्षयाचे सर्वाधिक प्रचलित माप उपचारांची गरज मोजण्यासाठी जन्माला आले आणि पुढे तेच उपायांच्या यशाचे माप म्हणून वापरले गेले. या स्थित्यंतरामुळे काय मोजले गेले व काय निसटले, याचा ऐतिहासिक पद्धतीने शोध घेणे आणि टेमघरसारख्या श्रमिक वस्तीच्या दृष्टीने त्याचा अर्थ तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

कृमिदंतापासून आम्लापर्यंत

मराठीत आजही दात ‘किडतो’. दातात कृमी असतो ही कल्पना अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांच्या प्रकरणात ‘कृमिदंतक’ या व्याधीचे वर्णन आले आहे. दात काळा पडणे, त्याला छिद्र पडणे, तो हलणे, त्यातून स्राव होणे, सूज येणे आणि तीव्र वेदना होणे ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. कारणमीमांसा बाजूला ठेवली तरी या लक्षणसमूहाची एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यात डोळ्यांना दिसणारे छिद्र जसे आहे, तसाच रोग्याला होणारा त्रासही आहे. आधुनिक मापनाने यातील पहिला भाग ठेवला व दुसरा प्रदीर्घ काळ वगळला.

1890 मध्ये विलोबी मिलर या संशोधकाने मुखातील सूक्ष्मजंतूंविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जंतू पिष्टमय व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळविते, हा त्याचा सिद्धांत होय. या सिद्धांतामुळे दंतक्षय ही एक प्रक्रिया ठरली. ती सुरू होते, मंदावते, काही वेळा थांबतेही. मोजणाऱ्यांपुढील पेच येथूनच सुरू होतो. चालू असलेल्या प्रक्रियेला एका भेटीत, एका दिवशी, एका आकड्यात कसे पकडावे?

हॅगर्सटाउनची मोजणी

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील हॅगर्सटाउन हे गाव आजारपणाच्या मोजणीला सरावलेले होते. तेथे 1921 पासून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने कुटुंबांतील आजारांची घरोघर नोंद करण्याचा प्रयोग केला होता. त्याच गावातील प्राथमिक शाळांतील मुलांचे दात तपासून हेन्री क्लाइन, कॅरोल पामर आणि जॉन नटसन यांनी 1938 मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. किडलेले, किडीमुळे गमावलेले आणि किडीमुळे भरलेले अशा कायमच्या दातांची बेरीज म्हणजे मुलाचा दंतक्षयाचा अनुभव, असे त्यांनी मांडले. हाच पुढे ‘डी.एम.एफ. निर्देशांक’ म्हणून जगभर रूढ झाला. 1944 मध्ये ग्रुबेल याने दुधाच्या दातांसाठी त्याचे वेगळे रूप सुचविले.

या अभ्यासाच्या शीर्षकातच मुलांची ‘दंतस्थिती’ व ‘दंतविषयक गरजा’ असे दोन शब्द आहेत. संशोधकांसमोरचा प्रश्न प्रशासकीय होता. या मुलांमध्ये उपचारावाचून राहिलेले काम किती साचले आहे व ते उरकण्यास किती मनुष्यबळ लागेल, हे त्यांना सांगावयाचे होते. त्या प्रश्नासाठी ही बेरीज उत्तम होती. तपासणीला आरसा, टोकदार सळई व पुरेसा उजेड एवढेच साहित्य पुरेसे होते. एका दिवसात शाळा तपासून होई. पिढ्यान्‌पिढ्या हा निर्देशांक टिकला, तो या साधेपणामुळे. त्याची जागा घेऊ पाहणाऱ्या कोणत्याही मापाला हे श्रेय नाकारता येणार नाही.

तथापि ही बेरीज एकदा आकड्यात बदलली, की तिचे घटक एकमेकांत मिसळतात. चार किडलेल्या दाढांनी रात्री झोप न येणारी मुलगी आणि चारही दाढा वेळेवर भरून घेतलेली मुलगी, दोघींचा निर्देशांक चारच येतो. भरलेला दात पुन्हा निरोगी गणला जात नाही, त्यामुळे हा आकडा व्यक्तीच्या आयुष्यात केवळ वाढू शकतो. एखाद्या शाळेत उत्तम उपचार झाले, तरी सरासरी निर्देशांक जागचा हलत नाही. उलट, पूर्वी निसटलेली कीड नव्या दंतवैद्याच्या दृष्टीस पडून भरली गेली, तर तो वाढतो. गरज मोजण्यासाठी हे चालण्याजोगे होते. परिणाम मोजताना ते अडचणीचे ठरले.

येथे एक प्रसंगोपात्त नोंद करावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी अमेरिकी सैन्यभरतीत दातांचे दोष हे उमेदवार नाकारले जाण्याचे एक प्रमुख कारण होते. तेथे निकष होता तो वर-खाली परस्परांवर नीट बसणारे ठराविक दात शिल्लक आहेत का, एवढाच. किती दात किडले, यापेक्षा चावता येते का, हा प्रश्न लष्कराने विचारला. दंतसंशोधनाला त्याच प्रश्नाकडे वळावयास बराच काळ लागला. ऑब्रे शायहॅम व सहकाऱ्यांनी 1987 मध्ये निरोगी व भरलेल्या, म्हणजे कामाच्या दातांची बेरीज करणारे निर्देशांक सुचविले, तेव्हा भरलेला दात प्रथमच जमेच्या बाजूला आला.

पाणी हाच प्रयोग

फ्लोराइडाचा इतिहास डागांपासून सुरू होतो. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य 1901 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आला, तेव्हा तेथील रहिवाशांच्या दातांवरील तपकिरी डागांनी तो चकित झाला. हे दात दिसावयास वाईट असले तरी किडत मात्र कमी होते. कारण सापडण्यास 1931 साल उजाडले. ॲल्युमिनियम कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल याला आर्कान्सासमधील बॉक्साइट या गावच्या पाण्यात फ्लोराइडाचे मोठे प्रमाण आढळले. त्यानंतर ट्रेंडली डीन याने डागांची तीव्रता मोजणारा निर्देशांक तयार केला आणि चार राज्यांतील 21 शहरांत 12 ते 14 वर्षे वयाच्या 7,257 मुलांचे दात तपासले. पाण्यात दर लिटरला सुमारे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असल्यास कीड बरीच कमी व डाग नगण्य, असा त्याचा 1942 चा निष्कर्ष होता.

25 जानेवारी 1945 रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. तुलनेसाठी शेजारचे मस्कीगन शहर निवडण्यात आले. पंधरा वर्षांच्या या योजनेत जवळजवळ 30,000 शाळकरी मुलांची पाहणी अपेक्षित होती आणि फ्लोराइडयुक्त पाणी सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांत कीड 60 टक्क्यांहून अधिक घटल्याचे अकरा वर्षांनी जाहीर झाले. मात्र तत्पूर्वीच, 1951 मध्ये, मस्कीगनने आपल्याही पाण्यात फ्लोराइड मिसळणे सुरू केले होते. शेजारच्या शहरात गुण येतो आहे असे दिसत असताना आपल्या मुलांनी केवळ तुलनेसाठी थांबावे, हे तेथील नागरिकांना मान्य झाले नाही. नागरिक म्हणून त्यांचा निर्णय समजण्याजोगा आहे. संशोधनाच्या दृष्टीने मात्र तुलनेचे शहरच नाहीसे झाले.

याच्या नेमका विरुद्ध टोकाचा प्रकार स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे घडला. तेथील मतिमंद रुग्णांच्या संस्थेत 1945 नंतरच्या काही वर्षांत रुग्णांना चिकट टॉफी व इतर गोड पदार्थ देऊन त्यांच्या दातांतील कीड मोजण्यात आली. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा व कोणत्या स्वरूपात खाल्ली हे महत्त्वाचे, हा 1954 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आजही पाठ्यपुस्तकांत आहे. त्या निष्कर्षासाठी ज्यांचे दात किडविले गेले, त्यांची संमती घेतलेली नव्हती. मोजमापाच्या इतिहासात हे प्रकरण आकड्यांपुरते सांगून पुढे जाता येत नाही.

याच काळात नटसन व आर्मस्ट्राँग यांनी 1943 मध्ये एक वेगळी युक्ती योजली. मुलाच्या तोंडाच्या एका बाजूच्या दातांना सोडियम फ्लोराइडचे द्रावण लावावयाचे व दुसरी बाजू तशीच ठेवावयाची. मूल तेच, आहार तोच, पाणी तेच. म्हणजे तुलनेचे शहर शोधण्याची गरजच उरली नाही. लावलेल्या बाजूला नवी कीड सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळली.

भारतात मात्र हेच फ्लोराइड प्रथम रोगाचे कारण म्हणून नोंदले गेले. 1937 मध्ये शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातील दात व हाडांच्या फ्लोरोसिसची नोंद केली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील अनेक गावांना विहिरी व विंधन विहिरींच्या पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडचा त्रास आहे. फ्लोराइड काढून टाकण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने 1970 च्या दशकात विकसित केली. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा दर लिटरला 1 मिलिग्रॅम व पर्यायी स्रोत नसल्यास 1.5 मिलिग्रॅम आहे. अशा रीतीने डीनचे संशोधन भारतात आले ते प्रामुख्याने डागांच्या निर्देशांकाच्या रूपाने. किडीच्या मोजणीची परंपराही स्वतंत्रपणे सुरू झाली होती, के. एल. शौरी यांचा भारतीय मुलांतील दंतक्षयावरील निबंध 1941 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. भारतीय दंत परिषदेने 2002-03 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत मौखिक आरोग्य व पाण्यातील फ्लोराइड यांची नोंद प्रथमच एकत्र, देशव्यापी पातळीवर झाली. त्या पाहणीनुसार 12 वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना दंतक्षय होता.

साठ टक्क्यांपासून पाव दातापर्यंत

ग्रँड रॅपिड्सच्या आकड्याचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. 2000 मध्ये यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी पाण्यातील फ्लोराइडविषयीचे सर्व उपलब्ध अभ्यास चाळून पाहिले व त्यांचा दर्जा अपेक्षेहून कमी असल्याचे नोंदविले. ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या 2024 च्या सुधारित आढाव्यात 1975 नंतरच्या अभ्यासांचा वेगळा विचार केला आहे. त्यानुसार दुधाच्या दातांत सरासरी 0.24, म्हणजे सुमारे पाव दाताचा फायदा दिसतो आणि तो शून्यही असू शकतो. दोन्ही आकडे आपापल्या काळापुरते प्रामाणिक मानावे लागतात. मधल्या काळात फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घराघरांत पोहोचली. 2003 च्या कॉक्रेन आढाव्यात टूथपेस्टने टळलेल्या किडीचे प्रमाण 24 टक्के आढळले होते. ज्यांची कीड आधीच घटली आहे, त्यांच्यात आणखी घट मोजणे कठीण असते. जेथे टूथपेस्टऐवजी राखुंडी, दंतमंजन किंवा तंबाखूची मिसरी वापरली जाते, तेथे युरोप-अमेरिकेतील ‘पाव दात’ जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तसाच ‘साठ टक्के’ हा आकडाही नाही.

सरासरीने झाकलेली मुले

जागतिक आरोग्य संघटनेने मौखिक पाहणीच्या पद्धतींची पुस्तिका 1971 मध्ये काढली. 5, 12, 15, 35-44 व 65-74 ही वये तुलनेसाठी प्रमाण ठरली. 1981 मध्ये आंतरराष्ट्रीय दंत महासंघाबरोबर लक्ष्य ठरविण्यात आले : 2000 सालापर्यंत 12 वर्षांच्या मुलांचा सरासरी निर्देशांक 3 पेक्षा अधिक नसावा. हे लक्ष्य अनेक देशांनी गाठले आणि तेथेच सरासरीची मर्यादा उघड झाली. तीस मुलांच्या एका वर्गात वीस मुलांना अजिबात कीड नाही व दहा मुलांचे प्रत्येकी सहा दात गेलेले आहेत, असे समजू. सरासरी दोन येते व लक्ष्य साध्य होते. डग्लस ब्राथाल याने 2000 मध्ये सुचविलेला निर्देशांक सर्वाधिक कीड असलेल्या एकतृतीयांश मुलांचीच सरासरी काढतो. वरील वर्गात ती सहा येते. अंकगणित अगदी प्राथमिक आहे, परंतु ते करून पाहावयास साठ वर्षे लागली.

दुसरा प्रश्न उंबरठ्याचा होता. संघटनेच्या प्रचलित पद्धतीत स्पष्ट खड्डा पडला तरच दात किडलेला मानला जातो. खनिज झिरपून पडलेला पांढरा डाग निरोगी गणला जातो. प्रतिबंधक उपाय मात्र याच टप्प्यावर सर्वाधिक उपयोगी पडतात. या विसंगतीतून 2002 पासून ‘आयसीडास’ ही 0 ते 6 अशा श्रेणींची पद्धत विकसित झाली. तिच्यात सूक्ष्म बदल टिपले जातात. पण त्यासाठी दात स्वच्छ करून हवेने कोरडा करावा लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात ही सोय कोठून आणावयाची, याचे उत्तर त्या पद्धतीपाशी नाही.

तिसरा, आणि प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेदनेचा. मोन्से व सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ‘पुफा’ निर्देशांक मांडला. उघडा पडलेला दाताचा गर, तुटक्या दाताने झालेली जखम, पू वाहणारे छिद्र व गळू यांची त्यात नोंद होते. फिलिपिन्समधील राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांच्या 85 टक्के मुलांत यांपैकी किमान एक खूण आढळली होती. स्राव व सूज ही सुश्रुतसंहितेतील लक्षणे अशा रीतीने तपासणीच्या कागदावर परतली. पुढे ब्रिटनमधील ‘फिक्शन’ या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2020 मध्ये आले, 3 ते 7 वर्षांच्या 1,144 मुलांवरील तीन उपचारपद्धतींची तुलना झाली : कीड कोरून दात भरणे, कीड आत बंद करून टाकणे आणि केवळ प्रतिबंध. मुख्य परिणाम म्हणून किडलेल्या दातांची संख्या घेतली नव्हती. मुलाला दातदुखी किंवा जंतुसंसर्ग झाला का, हे पाहिले होते. तिन्ही गटांत तो सुमारे 40 ते 45 टक्के मुलांना झाला व गटांमध्ये अर्थपूर्ण फरक आढळला नाही. किडलेले दात मोजले असते, तर या निष्कर्षाला वाटच मिळाली नसती.

टेमघरच्या संदर्भात

भिवंडी हे यंत्रमागांचे व अलीकडे गोदामांचे शहर. तेलंगणातील पद्मशाली विणकरांपासून उत्तर प्रदेश-बिहारमधील कामगारांपर्यंत अनेकांनी ते घडविले आहे. अशा वस्तीत दंतक्षयावरील एखाद्या उपायाची चाचणी घ्यावयाची झाल्यास वरील इतिहासातील प्रत्येक अडचण नव्याने समोर येते.

पाण्याचेच पाहावे. टेमघरचे पाणी अनेक शहरांत वाटले जाते. त्यामुळे ग्रँड रॅपिड्सप्रमाणे त्यात बदल करून शेजारचे शहर तुलनेला ठेवणे शक्य नाही. शिवाय 1957 मध्ये गॅलगन व व्हर्मिलियन यांनी दाखवून दिले, की उष्ण हवामानात माणसे अधिक पाणी पितात, म्हणून तेथे फ्लोराइडचे योग्य प्रमाण कमी असावयास हवे. मागाच्या शेडमध्ये पाळीभर उभ्या असलेल्या कामगाराचे पाणी आणि कार्यालयात बसणाऱ्याचे पाणी एकच मानून चालणार नाही. भारतात फ्लोरोसिसचा अनुभव ताजा असताना पाण्याचा मार्ग कोणी सुचवू नये, हे योग्यच आहे. उरतात ते टूथपेस्ट, शाळेतील उपाय व उपचार. भारतातील औषधविषयक नियमांनुसार टूथपेस्टमधील फ्लोराइड 1,000 पी.पी.एम.पेक्षा अधिक असता कामा नये.

प्रतिबंधक उपायाची चाचणी साधारणपणे दोन-तीन वर्षे चालते. पहिल्या वर्षी तपासलेले मूल तिसऱ्या वर्षी त्याच शाळेत असेल, हे गृहीत हॅगर्सटाउनमध्ये फारसे चुकले नसावे. यंत्रमागाच्या वस्तीत मंदी आली, की कुटुंब गावी जाते. उन्हाळ्यात गेलेले मूल जूनमध्ये परत येईलच असे नाही. जी मुले सापडत नाहीत, ती बहुधा अधिक अस्थिर घरांतील असतात. त्यांना वगळून काढलेली सरासरी वस्तीच्या स्थिर भागाचे चित्र देते आणि उपाय प्रत्यक्षाहून अधिक गुणकारी दिसू शकतो. वय 12 वर्षे हा निकषही सरळ नाही, कारण स्थलांतराने मागे पडलेली मुले वर्गाच्या अपेक्षित वयाहून मोठी असतात. इयत्तेवरून वय धरल्यास नुकत्याच आलेल्या दाढा व चार वर्षे तोंडात असलेल्या दाढा एकाच रकान्यात पडतात.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत फिरती आरोग्य पथके अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी करतात व दंतक्षयाचाही त्यात समावेश आहे. या पथकांचे काम मुलाला पुढील उपचारासाठी पाठविणे हे आहे. निर्देशांक काढणे त्यांच्याकडून अपेक्षित नाही. तरीही गेल्या महिन्यात दातदुखीमुळे मूल रात्री जागले का, शाळा बुडाली का, हे दोन प्रश्न विचारण्यास आरसा लागत नाही. प्रौढांच्या बाबतीत बुडालेल्या पाळ्या मोजता येतील. जेथे कामाच्या प्रमाणात मजुरी मिळते, तेथे हा परिणाम रुपयांत उतरतो. प्रौढांचे गमावलेले दात मात्र सावधपणे मोजावे लागतात. तंबाखू व मिसरीच्या सवयींमुळे हिरड्यांचे विकार होऊन पडलेला दात आणि किडीमुळे काढलेला दात नंतर वेगळे ओळखता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीतही तिशीनंतरचे सर्व गमावलेले दात कारण न पाहता धरले जातात.

अखेरीस एका औषधाचा उल्लेख आवश्यक आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश झाला. ते किडलेल्या दाताला लावले असता कीड बऱ्याचदा थांबते. यंत्र लागत नाही, सुई लागत नाही आणि खर्चही कमी येतो. श्रमिक वस्तीतील शाळांना यापेक्षा सोयीचा उपाय क्वचितच सापडेल. मात्र तो भाग कायमचा काळा पडतो. सुश्रुतसंहितेत काळेपणा हे कृमिदंताचे पहिले लक्षण होते, तर येथे तोच काळा व कठीण झालेला पृष्ठभाग कीड थांबल्याची खूण आहे. मुलाचा त्रास संपलेला असतो, दाढ तोंडात शाबूत असते, तो त्या बाजूने चावूही लागलेला असतो. खड्डा मात्र दिसतच राहतो, त्यामुळे डी.एम.एफ.च्या कागदावर परीक्षकाला त्या दाढेपुढे ‘किडलेली’ अशीच नोंद करावी लागते.